बिनसहीचं आभाळ

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. बाकावर माझ्या शेजारी दोघी आत्या-भाची, भाचीच्या मांडीवर मावळतीच्या आभाळाचं चित्र.

"करिश्मा, चित्रावर तुझं नाव कुठं हाय गो?"

"नाव कशाला, आत्या? जोहे गावच्या कारखान्यात दहा वर्षं गणपती रंगवते. कुठल्या मूर्तीवर टाकलं नाव?"

"तो देव. हे तुझं आभाळ. सही नसंल तर प्रदर्शनात लावणार नाय, असं रोह्याचे सर बोललेत ना?"

"मला लाज वाटते."

मी खिशातून पेन काढला. "मग माझं टाकू का, ताई? मला अजिबात लाज नाय."

"तुमचं का म्हणून? ढग चार वेळा रंगवलेत मी."

"बेवारस दिसलं, म्हणून म्हटलं."

"आत्या, पिशवीतला ब्रश दे. काळा रंग पण."

"आता ओलं घेऊन गाडीत चढणार?"

"ॲक्रेलिक हाय. गाडी लागेपर्यंत सुकतंय."

"अगो, केवढं मोठं लिवलंस. सूर्य झाकला की नावानं."

"झाकू दे. तसा पण तो मावळतोच हाय."