कीझीची शेवटची अंघोळ

—नाही हो, तो कसा दिसत होता हे मला काय विचारता? मी त्याला पाहिलं असतं तर आज इथे तुमच्यापुढे चादरी पिळत बसले असते का? उंच होता की बुटका, मिशा होत्या की नव्हत्या, हातात डॉक्टरची पिशवी होती की खाटकाचा सुरा — सकाळपासून तुम्ही तिसरे, आणि तिघांच्याही वहीत हाच प्रश्न! आमच्या व्हाइटचॅपलमध्ये चार बाया कापल्या कुणीतरी, आणि तुम्हा पेपरवाल्यांना हवाय फक्त तो. त्याचं चित्र काढाल, टोपीसकट. आणि कीझी? कीझीबद्दल काय छापलंत? ‘दारुडी बाई, वय सुमारे पन्नास.’ सुमारे! एक्केचाळीस वर्षांची होती ती. इथेच झोपायची, त्या कोपऱ्यात, दोन हिवाळे काढले माझ्याजवळ. बायकांच्या टोप्यांना लावायची कापडी फुलं करायची, रंगाने बोटं कायम जांभळी. घोरायची अशी की भिंतीपलीकडचे शिव्या द्यायचे. प्यायची, हो, प्यायची — लंडनच्या या थंडीत तुम्ही काय दूध पिता?

लिहा. हे लिहा ना! पेन्सिल का थांबली?

आणि मला काय म्हणालात तुम्ही पेपरात? ‘अडाणी म्हातारी.’ माझं नाव आहे, झिला ट्रेडगोल्ड. तीस वर्षं या गल्लीत मूल जन्मायचं असलं की मला बोलावतात आणि माणूस गेलं तरी मलाच. त्या सकाळी हवालदार धावत आला, म्हणाला, झिलामावशी, गरीबखान्यामागच्या शेडमध्ये एक बाई आणून ठेवलीय, जरा बघ. मी गेले. चादर बाजूला केली तर — कीझी. हवालदार म्हणाला, मी साहेबांना घेऊन येतो, तू थांब इथे. हात लावू नकोस म्हणाला का? नाही म्हणाला! मग मी काय करणार होते? तिच्याकडे बघत बसणार होते? आमच्यात मेलेल्या माणसाला असं मळकं, रक्ताने माखलेलं ठेवत नाहीत हो. जो येतो तो तिला तशी बघणार — मी पाणी तापवलं. कपडे उतरवले, तिला धुतली, केस विंचरले, हनुवटी बांधली. एक हात नीट होता, दुसरा मात्र आवळलेला, एकेक बोट सोडवावं लागलं, मग नखं साफ केली. अंगावर स्वच्छ चादर घातली. झोपल्यासारखी दिसायला लागली पोरगी. आणि दहा वाजता डॉक्टर आला आणि असा ओरडला, असा ओरडला माझ्या अंगावर — सगळा पुरावा बादलीत ओतलास म्हणे! पुरावा! मी माझ्या मैत्रिणीला अंघोळ घालत होते.

तुम्हाला पुरावा लागतो कुठे पण? लाझारच्या वेळी लागला होता? समोरच्या ओळीतला चांभार हो, पोलंडकडून आलेला, ज्यू. चार घरं सोडून दुकान आहे. तुमच्याच पेपराने छापलं ना, खुनी चामड्याचा ॲप्रन घालतो म्हणून? अहो, बूट शिवणारा दुसरं काय घालणार, रेशमी झगा? पण झालं, ‘लटकवा त्या ज्यूला’ करत अख्खी गल्ली त्याच्या दारात. काचा फोडल्या. त्याची बायको पोटुशी, जिन्याखाली लपून बसलेली — तिचं बाळंतपण मीच केलं पुढे, म्हणून सांगते. त्या शेडमध्ये मी कीझीचे केस पुसत होते ना, तेव्हा त्यांची आरडाओरड ऐकू येत होती मला. तशात मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं का, की हिच्या मुठीत—

काय? कुठे काय म्हणाले मी? मूठ आवळलेली होती एवढंच म्हणाले. मेलेल्यांच्या असतात. असं बघू नका माझ्याकडे.

दोरा होता. बस. वीतभर, मेण लावलेला, दुहेरी पिळाचा. मेणाचा दोरा काय एकट्या लाझारकडे असतो? घोड्यांचे पट्टे शिवणारे आहेत, गोदीवर शिडं शिवणारे आहेत, निम्मा ईस्ट एंड सुई-दोऱ्यावर जगतो! पण बाहेरच्या त्या लोकांना हे सांगून पटलं असतं? त्यांनी त्याला तिथल्या तिथे फाडला असता. मी तो दोरा चुलीत टाकला. आणि मला ठाऊक होतं तो कुठून आला ते — आदल्याच दिवशी लाझारने तिचे बूट शिवून दिले होते, टाका सुटला असेल, तिने उपटून हातात धरला असेल. साधी गोष्ट. हो की नाही? साधी गोष्ट आहे.

बूट? बुटांचं काय? जी अंघोळ घालते तिला मेलेलीचे बूट मिळतात, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. बघा हवे तर, माझ्याच पायात आहेत. नको, वाकू नका, मी सांगते. मी बघितलंय. चार दिवस धीर झाला नाही, मग एका सकाळी खिडकीपाशी उजेडात बसले आणि दोन्ही बूट उलटसुलट करून एकेक टाका मोजला. एकही सुटलेला नाही. एकही नाही हो! इतकं घट्ट काम आहे त्या लाझारचं. आणि मग कीझीनंतर तीन आठवड्यांनी ती चौथी बाई सापडली, तिलाही मीच धुतलं — या वेळी हवालदार उभा होता, डॉक्टरने तपासल्यावर मग — आणि तिचं तोंड पुसताना मला एकच वाटत होतं, झिला, तू त्या माणसाला वाचवलंस की हिला मारलंस? सांगा ना! तुम्ही एवढे शिकलेले, सगळे संशयित तुम्हाला पाठ, डॉक्टर, खलाशी, न्हावी — सांगा, मी काय केलं?

ती वही मिटा आधी. एक अक्षर लिहू नका. लिहिलंत तर आज संध्याकाळपर्यंत तो दिव्याच्या खांबाला लटकलेला असेल, बाळासकट त्याची बायको रस्त्यावर, आणि उद्या तुम्ही त्याचंही चित्र काढाल. तो करणारा नाही हो तसलं. बाळ झालं तेव्हा रडला होता माझ्या खांद्यावर. नसेल केलं त्याने. असं वाटतंय तोवर वाटू द्या मला!

उठा. निघा. आणि तिकडून नका जाऊ, उजवीकडच्या बोळातून जा. त्याचं दार उघडं असेल, तो मान वर करून तुम्हालाही ‘नमस्कार’ म्हणेल आणि तुम्ही त्याच्या हातांकडे बघाल. मी रोज बघते. — जा म्हणते ना!