उतारावर लागलेला डोळा

लायसन्ससाठी डोळे तपासायच्या रांगेत माझ्यापुढे दोन बस ड्रायव्हर उभे होते. एकाच्या मिशा पांढऱ्या, दुसऱ्याच्या काळ्या.

“काका, नव्या गाड्यांना क्लचच नाही. गिअर आपोआप पडतात. पायाला केवढा आराम.”

“आराम हवा तर घरी बसावं. हातानं गिअर टाकतो तो ड्रायव्हर.”

“तुमची लेक तीच गाडी चालवते ना?”

“चालवते. परवा तिच्याच मागच्या सीटवर बसलो होतो. वाटभर माझा डावा पाय क्लच शोधत होता.”

“आणि वाटेतला तो मोठा उतार?”

“उतार लागायच्या आधीच तिनं बटण दाबलं, गिअर आपल्या ताब्यात घेतला आणि खाली आणला. ब्रेकला पाय नाही. इंजिनच गाडी धरून होतं.”

“कंपनीनं शिकवलं असेल.”

“कंपनी बटण दाखवते. कधी दाबायचं, ते घरी शिकली.”

“म्हणजे गाडी चांगली आहे, कबूल करा.”

“गाडीचं मला काय विचारतोस? अर्ध्या उतारावर माझा डोळा लागला.”

“तुमचा? दुसऱ्याच्या हातात गाडी असली की तुम्ही डोळा मिटत नाही.”

“आजही मिटत नाही. दुसऱ्याच्या हातात असली तर.”