नमुन्याच्या फ्लॅटमधला नळ

फ्लॅट बघायला गेल्यावर लोक आधी गॅलरी बघतात ना? आमच्या शेजारच्या अण्णांनी नळ बघितला.

मुरुडच्या अलीकडे आमचं गाव. तिथे आता सात टॉवर यायचेत. गावाला पाणी दिवसाआड, तेही तासभर. ग्रामसभेत हरकत घेणार म्हटल्यावर बिल्डरचा माणूस म्हणाला, "आधी नमुन्याचा फ्लॅट बघा, मग बोला." गेलो. नेमका पाण्याचा दिवस होता.

अण्णा म्हणजे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. तडक स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला. धो धो पाणी!

"हे पाणी कुठलं हो?"

"स्वतःची बोअर मारलीय काका. गावच्या पाण्याला आम्ही हातसुद्धा लावत नाही."

अण्णांनी नळ तसाच ठेवून काकूंना फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, पाणी आहे का?"

"होतं. आत्ताच गेलं मेलं. हंडा अर्धाच राहिला."

अण्णांनी नळ बंद केला. "आणि आता?"

"आलं की! तुम्हाला कसं कळलं?"

बिल्डरचा माणूस कसनुसा हसला. "योगायोग असेल काका."

"असेल की! म्हणूनच पुन्हा करून बघू." अण्णांनी नळ सोडला.

फोनमधून काकू कडाडल्या, "अहो, कोण खेळतंय पाण्याशी? हंडा भरू दे आधी!"

त्या माणसाने धावत जाऊन नळ बंद केला, तोही दोन्ही हातांनी.

हरकतीच्या अर्जात अण्णांनी मग एकच ओळ लिहिली: "स्वयंपाकघरातला नळ सोडावा आणि आमच्या घरी फोन करावा."

खाली काकूंचा नंबर.