साहेबांच्या हातची ओळ

(साहेब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवंगत लोकनेत्याचं राहतं घर. उद्यापासून ते लोकांना बघायला खुलं होणार आहे. टेबलाशी दोघी : साहेबांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, आणि एक जुनं पत्र घेऊन आलेली शिंपीण.)

शिंपीण : ...म्हणून म्हटलं, माझ्या पेटीत कसर लागेल, त्यापेक्षा साहेबांच्या घरीच शोभेल. आईनं चाळीस वर्षं काचेखाली जपलं होतं ते.

ताई : बसा ना. उभ्या का?

शिंपीण : दिवसभर मशीनवर बसलेलीच असते हो. बघा तरी. वरचं टाइप केलेलं, ऑफिसातलं. ‘आपला अर्ज संबंधित खात्याकडे पाठवला आहे.’ पण खाली साहेबांच्या हातचं आहे. ‘घरीच थांबा. मी स्वतः लक्ष घालतो.’ आणि सही.

ताई : अर्ज कशाचा होता?

शिंपीण : वडिलांसाठी. खाणीत दगड फोडायचे, छातीत धूळ बसलेली. मोठ्या इस्पितळात खाट हवी होती. साहेबांची चिठ्ठी असली की मिळते म्हणायचे.

ताई : मिळाली?

शिंपीण : कसली मिळतेय. पाचव्या महिन्यात गेले. पण साहेबांना बोल कसा लावायचा? एवढा कारभार डोक्यावर, त्यातून एका खाणकामगाराला दोन ओळी लिहिल्या. आई शेवटपर्यंत म्हणायची, देवानं नाही पण साहेबांनी तरी विचारलं. उद्या पाहुणे येतील ना, त्यांच्या नजरेला पडेल असं ठेवा.

ताई : हे मला इथे ठेवता येणार नाही.

शिंपीण : का हो? कोपरा फाटलाय म्हणून?

ताई : हे बाबांचं अक्षर नाही.

शिंपीण : ताई, गरिबाची मस्करी करू नका. बाहेर फोटोखाली हीच सही आहे.

ताई : तीही मीच केलेली असेल. आठवड्याला तीनशे पत्रं जायची, बाबांना कुठली सवड? त्यांच्या ऑफिसातल्या चिटणीसकाकांनी माझ्याकडून सही गिरवून घेतली. बारा वर्षांची होते. रविवारी गठ्ठा पुढ्यात ठेवायचे आणि मी सह्या ठोकायची. लेक बापाच्या वरताण निघाली म्हणायचे. मला केवढी ऐट.

शिंपीण : सही असेल. पण ही ओळ?

ताई : माझीच. नुसती सही करायची होती. पण बाबा दारात येईल त्याला म्हणायचे, मी स्वतः लक्ष घालतो. म्हणून एखादं पत्र वाचून पोटात तुटलं की मी तेवढं लिहून टाकायची.

शिंपीण : आणि मग साहेबांना सांगायचात.

ताई : नाही.

शिंपीण : एकदाही नाही?

ताई : सांगितलं असतं तर ते काम गेलं असतं माझ्याकडचं. बाबा लोकांचे आहेत, हे आम्हाला घरात पाढ्यासारखं पाठ होतं. त्या गठ्ठ्यापुरती मी त्यांची कुणीतरी होते.

शिंपीण : थांबा, थांबा. ‘घरीच थांबा’ हे कशाला लिहिलंत?

ताई : आजारी माणसानं दगदग करू नये. मला ताप आला की आई तसंच म्हणायची.

शिंपीण : अहो, माझा काका गाडी घेऊन दारात आला होता. पलीकडच्या गावात दवाखाना होता, लहानसा, पण डॉक्टर होता तिथे. वडील म्हणाले, साहेबांचा शब्द आहे, आता हललो तर खाट जायची. चार महिने रस्त्याकडे डोळे लावून पडून होते.

ताई : माफी मागायलाही तोंड नाही मला. अशी किती पत्रं गेली, मलाच ठाऊक नाही. तुमचं आत्ता बघितलं तेव्हा आधी वाटलं, गप्प राहावं, काचेत लावून मोकळं व्हावं.

शिंपीण : त्या कागदाला हात लावायचा तर आम्ही हात धुऊन यायचो.

ताई : बोला मला. काय वाटेल ते बोला.

शिंपीण : तुम्हाला बोलून मी सुटते होय? वडिलांना कुठं लिहिता-वाचता यायचं. अर्ज मी लिहिला होता, दहा वर्षांची असताना. उत्तर आलं तेही मीच वाचून दाखवलं. काका ओरडत होता, कागदानं खोकला थांबतो का म्हणून. तर मी दार अडवून उभी राहिले. साहेबांनी थांबायला सांगितलंय म्हणाले. हे आईलाही कधी बोलले नाही.

ताई : दहा वर्षांच्या पोरीला काय कळणार होतं?

शिंपीण : मग बाराच्या पोरीला तरी काय कळणार होतं? अर्ज मी लिहिला, उत्तर तुम्ही दिलंत. या सगळ्यात जाणतं माणूस कुणी नव्हतंच.

ताई : होतं ना. बाबा शेजारच्याच खोलीत होते.