सोळा कमानी आणि एक

(राजूरपलीकडच्या एका ओढ्यावर नवी दगडी कमान, तिच्या पोटाखाली तिला पेलून धरणारा लाकडी साचा. साच्याखाली हातोडी घेतलेले गहिनीनाथ मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी शाळेचे राधाकृष्ण मास्तर. काठावर मिस्त्रींची बायको छबूबाई.)

छबूबाई : म्हाताऱ्याला न्हाई ते न्हाई, शिकल्यासवरल्या मानसाला तरी अक्कल पायजे! मास्तर, तुमी आदी भाईर या. सारं गाव बगा कसं लांब बांदावर हुबं ऱ्हायलंय.

राधाकृष्ण : छबूमावशी, सिमेंटचे पाइप नकोत, दगडाचीच कमान हवी, असा हट्ट भरसभेत मी धरला. ती पडलीच, तर माझ्याही डोक्यावर पडायला नको का?

छबूबाई : पडायचं नाव काडू नगा! तिन्हीसांजंला नारळ फोडायचा हाय मला.

गहिनीनाथ : ती म्हनती ते खरं हाय, मास्तर. ज्यानं कमान बांदली त्यानं साचा काडताना खाली हुबं ऱ्हायाचं, ही आमची रीत. तुमची न्हाई. तुमी पोरं शिकवा.

राधाकृष्ण : आजवर किती कमानी बांधल्यात तुम्ही?

गहिनीनाथ : दारांच्या लई. हिरीच्या दोन. धा हाताची ही पयलीच.

राधाकृष्ण : मग पहिलीखाली एकट्याने उभे राहू नये.

गहिनीनाथ : हात बगा माजा. चाळीस वर्सांत हातुडी कदी थरथरली न्हाई, आन् आज... साच्याखाली आट पाचरी हायेत. एक हिकडची, एक तिकडची, सारखी ढिली करायची. साचा एका अंगानं बसला की दगूड रुसतो. तुमी आसं करा, बोलत ऱ्हावा. तुमच्या त्या पराग शहराचं, तितल्या पुलाचं सांगा.

राधाकृष्ण : सभेत सगळे सांगितले की.

गहिनीनाथ : सभेत भाषान केलंत. आता मला सांगा.

राधाकृष्ण : साखर कारखान्याच्या मंडळींना यंत्रे पाहायची होती, आणि इंग्रजी बोलणारा म्हणून गेल्या साली, एकाहत्तरच्या मे महिन्यात, त्यांनी मला बरोबर प्रागला नेले. तिथे इंग्रजी कोणालाच येत नव्हते, हा भाग निराळा. पहिल्या दिवशी मंडळी झोपेत असताना मी नदीवर गेलो. दाट धुके. ते शहर मला आधी दिसलेच नाही, ऐकू आले. या काठाची घंटा, मग त्या काठाची. हळूहळू धुक्यातून मनोरे वर आले. काळे, टोकदार. जणू कोणी आभाळ शिवायला घेतले होते, आणि काम अर्धे टाकून सुया तशाच टोचून ठेवल्या होत्या.

गहिनीनाथ : पयली निगाली. मनोरे ऱ्हाऊ द्या, पुलाचं बोला.

राधाकृष्ण : सोळा कमानी. सहाशे वर्षांपूर्वीच्या.

गहिनीनाथ : आन् चुन्यात काय घातलं हुतं?

राधाकृष्ण : अंडी.

गहिनीनाथ : काय?

राधाकृष्ण : तिथले लोक तशी गोष्ट सांगतात. राजाने गावोगाव निरोप धाडला, गाड्या भरून अंडी पाठवा. एका गावाला वाटले, वाटेत फुटतील बिचारी. म्हणून त्यांनी ती उकडून पाठवली.

छबूबाई : अगं बाई! म्हंजे तितंबी आपल्यासारकीच मानसं हायेत की!

गहिनीनाथ : आरं देवा! उकडल्याली! आमी गूळ घातला, बेलफळाचं पानी घातलं, हिनं हिरडा कुटून दिला... उकडल्याली अंडी! थांबा, हसून हातुडी धरवंना. ही दुसरी. ही तिसरी, चौथी.

राधाकृष्ण : आणि निघताना मापासाठी तुम्ही दिलेली ती गाठींची दोरी. पुलाखाली एका बाजूला बेट आहे, तिथे कमानीखाली उभे राहता येते. दगडाची जाडी मोजायला दोरी लावली, तोच पोलीस आला. त्याचे मला कळेना, माझे त्याला. मी कमानीकडे बोट केले, दोरीकडे केले, मग हवेतच दगडावर दगड रचून दाखवले. मग त्याने हातमोजा काढला, आणि दोरीचे दुसरे टोक धरले.

गहिनीनाथ : आपला पोलीस आसता तर त्यानं तुमालाच धरलं आसतं! किती भरला दगूड?

राधाकृष्ण : तिसऱ्या गाठीच्या पुढे चार बोटे.

गहिनीनाथ : आन् आपला तिसऱ्या गाठीला बरुबर. चार बोटं कमी.

छबूबाई : आता वो?

गहिनीनाथ : त्येंचा पूल केवडा, आपला केवडा! भागंल. सा झाल्या, दोन ऱ्हायल्या. बोला मास्तर, थांबू नगा.

राधाकृष्ण : मी त्या दगडाला तळवा लावला. वरून माणसे जात होती, आणि दगडाला त्याची खबरही नव्हती. मग वर गेलो. दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे, धुराने काळे पडलेले. एकाच्या उघड्या ओंजळीत पाखराने काड्या आणून ठेवल्या होत्या. गंमत अशी की तिथे लोक पूल ओलांडतच नाहीत. मध्यावर येतात, आणि थांबतात.

छबूबाई : कामंधामं न्हाईत व्हय त्यास्नी? पूल वलांडायला आसतो.

राधाकृष्ण : मीही थांबलो, मावशी. समोर एवढे देखणे शहर, ऊन नुकते घुमटांवर उतरलेले, आणि मला आठवला हा ओढा. आषाढात दप्तरे डोक्यावर धरून पलीकडच्या काठावर खोळंबलेली आपली पोरे. त्या पुलाला दोन काठ होते; माझ्या आनंदाला एकच. तिथेच ठरवले की... मिस्त्री, तुम्ही पाचरी मोजायचे थांबलात.

गहिनीनाथ : वर बगा.

राधाकृष्ण : काय झाले?

गहिनीनाथ : साचा न् दगूड. दोगांच्या मदी.

राधाकृष्ण : उजेड... बोटभर उजेड दिसतो आहे! म्हणजे साचा सुटला? केव्हा?

गहिनीनाथ : तुमी त्या पुतळ्यापाशी हुता, तवाच शेवटची निगाली.

राधाकृष्ण : म्हणजे तेव्हापासून आपण...

गहिनीनाथ : मोकळ्या कमानीखाली. चांगलं सांगत हुता, मोडवंना.

राधाकृष्ण : आणि हाताची थरथर?

गहिनीनाथ : अंड्यांपाशीच थांबली ती. आता बांदावरल्या लोकांस्नी हाळी द्या, या म्हनावं.

राधाकृष्ण : थांबा. वर कोणाची तरी पावले वाजताहेत.

गहिनीनाथ : कुनाची? अगं ए! माज्याआदी वर चढलीस?

छबूबाई : तुमी खालचं बगा, वरचं मी बगते. कुनी तरी पयला पाय टाकाया नगं?

गहिनीनाथ : मग जा की पल्याड! मदीच का हुबी ऱ्हायलीस?

छबूबाई : थांबा वाईच. हितनं आपलं घर दिसतंय.