पिल्लाची आई दाखव

हॅलो? … हॅलो, नंदीश का? … मी माकणीहून धुरपदाबाई बोलतेय. शिवांजलीची आई. … व्हय, व्हय, तीच. झिपऱ्या ल्हासा कुत्र्याचं पिल्लू पसंत केलेली पोर. इथंच बसलीय, मांडीवर टोपली घेऊन. सकाळपासनं तिच्यात मऊ लुगडं अंथरतीय.

न्हाय, जीपनं पाठवू नको. … अरं, ऐक तर! गेल्या वर्षी एक असंच जीपनं आलं. चौथ्या दिवशी गेलं. पोरगी दोन दिवस जेवली न्हाय. … तू न्हाय दिलंस, ठाऊक आहे मला. पण आता आमी ताकसुद्धा फुंकून पितो, बाबा.

केसांचं नको सांगू. रोज फणी, उन्हाळ्यात सावलीला ओलं गोणपाट… सगळं पाठ केलंय पोरीनं. तू व्हिडिओ लाव.

… लागला. … अगं बाई, लोकरीचा गुंडाच जणू! … शिवे, तू गप. … नंदीश, केस मागं सार. खाली अंग केवढं ते बघू दे. बाजारात शेळीला मीठ चारून पाणी पाजत्यात, पोट टम्म करून उभी करत्यात. आमच्या दावणीला बारा शेळ्या आहेत.

ओठ उचल. … अजून. … दोन महिन्यांचं म्हणालास ना? मग दात कुठायत? हिरडीत नुसती टोकं दिसत्यात. … बरं, असंल. आई दाखव. … अरं, पिल्लाची आई! … गावाला गेलीय? कुत्री? कुणाच्या लग्नाला?

… आता आहे म्हणतोस. आण. … ही व्हय? लई देखणी. रिबीन काय, भांग काय! आता पिल्लू खाली सोड. … सोड तर. करडू कुठल्या शेळीचं, ते आमी मालकाला विचारत न्हाय. करडालाच विचारतो.

… बघ. … तिला ओलांडून गेलं की रं पुढं. … कुठं चाललंय? … दाराला नाक लावून बसलंय. … अडगळ आहे आत? अडगळीसाठी कोण रडतं, नंदीश? दार उघड.

… फोन खाली करू नको. उघड.

…

शिवे, तू बघू नको. … न्हाय, बघ. बघच.

केसांच्या पार जटा झाल्यात रं. डोळं कुठायत हिचे? … कानामागं केवढी गाठ… आणि तशातबी आडवी झाली, पाजायला. आड दार असलं म्हणून पान्ह्याला कुठं दार असतं…

… काय म्हणालास? म्हातारी झाली, आता हिला कोण नेतंय? … हे आत्ता पहिलं खरं बोललास.

आमी नेतो. … पिल्लूबी आणि तीबी. दूध सुटंस्तवर तोडायचं न्हाय. … कशाला म्हंजे? … हसू नको. … अरं, हसतोस काय? … हॅलो? … हॅलो?

कापला.

शिवे, ऊठ. उमरग्यात पाण्याच्या टाकीमागचं घर म्हणाला होता न्हवं? आत्ताची गाडी गाठू, त्यानं तिला हलवायच्या आत. खोबरेल घे. फणी घे. बोथट टोकाची कात्री घे… आणि ती टोपली राहू दे गं.

गवताची मोठी पाटी घे.