चौथ्या भागाचा दिग्दर्शक

जळगाव स्टँडवर धुळ्याच्या गाडीसाठी रांगेत उभ्या असलेल्या वना नावाच्या प्रवाशाचे कान पुढच्या दोघांकडे लागले होते.

“रुपचंदभाऊ, यानाच्या पिक्चरचा चौथा भाग त्याच दिग्दर्शकानं काढायला हवा.”

“अजिबात नाही! तिसऱ्या भागात त्यानं यान आभाळातच लटकत ठेवलं. त्याला हाकला, हे धुळ्यात बठ्ठ्या पोरांना, अगदी एकूण एकाला, मीच पटवलंय.”

“लटकत कुठं? शेवटी मंगळावर उतरतं की!”

“पिक्चर मी पाहिलाय, झुलाल.”

“शेवटचा खेळ पाहिला ना? तुमचा टॉकीजवाला तेव्हा एक रीळ कमी लावतो. रिळांची पेटी पारोळ्याच्या गाडीत घालायची घाई असते त्याला.”

रुपचंदनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“उतरतं? नक्की?”

“अगदी अलगद.”

“मग तर हाकलाच त्याला! उतरवून सगळी मजाच घालवली.”